सुभेदाराच्या मापाची गाडी

“नायी अंकल परत आले,” काउंटरमागची मुलगी शेजारच्या सेल्समनला कन्नडमध्ये हळूच म्हणाली, आणि तो खुर्चीतून उठून सरळ पाणी प्यायला निघून गेला. नायी म्हणजे कुत्रा. हुणसूर रस्त्यावरच्या त्या शोरूममधली आमची ही चौथी फेरी होती. मी ते ऐकलं. मामांनी ऐकलं नाही, कारण ते हवालदाराचा कान काचेच्या दाराला लागू न देता त्याला आत आणण्यात गुंतले होते. हवालदार हा प्लायवूडचा कुत्रा. खऱ्या ग्रेट डेनच्या मापाचा, मानेत आणि कमरेत बिजागऱ्या असलेला, घडी करून इस्त्रीच्या टेबलासारखा काखेत मारता येणारा.

जगात मापात न बसणारी एकही गोष्ट नाही, असं छातीठोकपणे मानणारा माणूस मी एकच पाहिला आहे, आणि आम्ही त्याच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. मामा म्हणजे आमचे घरमालक. त्यांचे पूर्वज कधी काळी म्हैसूरच्या फौजेत आले आणि इथेच राहिले. घरात अजून मराठी बोलतात, पण दर तिसरा शब्द कन्नड. माझे आईवडील नोकरीसाठी नाशिकहून आले तेव्हा मी चार वर्षांची होते. शाळा सगळी इंग्रजीत झाली. त्यामुळे मामांच्या मराठीत कन्नड मिसळलेलं आणि माझ्या मराठीत इंग्रजी, तरी आमचं चांगलं जमतं. मी फारसं बोलत नाही, हेही एक कारण असेल. ते मला ‘पुट्टी’ म्हणतात, म्हणजे छोटी. मी त्यांच्यापेक्षा दोन इंच उंच आहे. हे दोन इंचही त्यांनीच मोजलेले आहेत.

आयुष्यभर त्यांनी शिसवी लाकडात जडावकाम केलं. काळ्या लाकडात पांढऱ्या लाकडाचा हत्ती असा बसवायचा, की मधून केससुद्धा जाऊ नये. कारखाना बंद करून बरीच वर्षं झाली, पण खिशातली टेप आणि कानावरची पेन्सिल काही निवृत्त झाली नाही. लग्नकार्यातही फेट्याखालून पेन्सिलीचं टोक दिसतं. आम्ही राहायला आलो त्या दिवशी त्यांनी सामानाचा ट्रक फाटकाबाहेर थांबवून आधी फ्रिज मोजला, मग कपाट, आणि जिन्याच्या वळणावर बाबांचे खांदे. “बसताय,” असं म्हणून मगच बाबांना वर जाऊ दिलं. आईने पहिल्या होळीला पुरणपोळ्या दिल्या, तर तासाभराने निरोप आला, “जाडी सगळीकडे सारखी आहे. दीड सूत.” आईला तिच्या स्वयंपाकाची इतकी मोठी पावती कुणी दिली नसावी, कारण ती अजून पाहुण्यांना सांगते. आधी आम्हाला ‘सूत’ म्हणजे काय तेच कळलं नव्हतं. सुतारांच्या मापात इंचाचा आठवा भाग, हे मामींनी समजावलं. मामी त्यांच्या मापांना कंटाळलेल्या असतात. एकदा माझ्यासमोरच त्यांनी विचारलं, “लग्नाआधी मलाही मापलं होतं काय हो?” मामा चहा फुंकत म्हणाले, “मापलं नव्हतं. म्हणून तर आजपर्यंत सुम्ने, गप बसलोय.”

पण खरं सांगायचं तर मला मामा आवडायला लागले ते कपड्यांच्या दोरीमुळे. गच्चीवरची दोरी मला जराशी उंच पडायची. एकदा टाचा उंचावून चादर टाकत होते, तेव्हा ते खाली झाडांना पाणी घालत होते. त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा झाडांकडे वळले. दुसऱ्या दिवशी दोरी चार इंच खाली आली होती. त्याबद्दल तेही काही बोलले नाहीत, मीही नाही. अशा माणसाशी माझं जमतं.

आता कुत्र्यांबद्दल. त्यांच्याकडे दोन आहेत आणि पूर्वजांच्या नोकरीचा मान राखून त्यांची नावं हुद्द्यांवरून ठेवली आहेत. सुभेदार हा काळा ग्रेट डेन, छातीवर पांढरा ठिपका, वय नऊ. जमादार तीन वर्षांचा, त्याच्यात मुधोळ हाउंडचा लांबपणा आहे आणि बाकी काय आहे ते कुणाला माहीत नाही. टी. नरसीपूरला मामांची थोडी नारळाची बाग आहे, नदीच्या काठाला लागून. वर्षानुवर्षं दर रविवारी सकाळी सहाला मामा, मामी आणि कुत्रे एका जुन्या, बसक्या व्हॅनमधून तिथे जायचे. सुभेदार नदीत उतरायचा, पोहून यायचा आणि नेमका मामींच्या साडीजवळ येऊन अंग झटकायचा. मग ती व्हॅन गेली. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, हात जोडले आणि बंद केलं. रिक्षावाले दोन मोठे कुत्रे घेईनात. चार महिने झाले, सुभेदाराची नदी सुटली होती. पण रविवार त्याला बरोबर कळायचा. सहा वाजता तो फाटकाशी जाऊन बसायचा आणि उन्हं वर आली की उठून आत यायचा. मी हे बाल्कनीतून दर रविवारी पाहत असे. ग्रेट डेनला नऊ वर्षं म्हणजे खूप झाली, हेही मी वाचलं होतं.

तर गाडी घ्यायची ठरली. मामांच्या एका डोळ्याला आता दिसत नाही, त्यामुळे चालवणार कोण हा प्रश्न होता. माझ्याकडे दोन वर्षांपासून लायसन्स आहे आणि बाबांची गाडी मी दुधाच्या बूथपर्यंत नेते. मामांनी एका संध्याकाळी विचारलं, “पुट्टी, तू चालवशील अल्वा, हो ना?” मी नाही म्हणाले नाही. तेवढं त्यांना पुरलं. कुत्र्यांना शोरूममध्ये घेत नाहीत असं कळल्यावर त्यांनी आठवडाभर पडवीत बसून हवालदार तयार केला. नाकापासून शेपटीपर्यंत, जमिनीपासून कानापर्यंत, सगळी मापं सुभेदाराची. ती त्यांच्याकडे जुन्या वहीत लिहिलेलीच होती. आणि कोरं लाकूड त्यांना पाहवत नाही, म्हणून छातीवर पांढऱ्या लाकडाचा ठिपकाही जडवला. हवालदार इतका देखणा झाला की सिटी बसच्या कंडक्टरनेसुद्धा त्याच्यासोबत फोटो काढून घेतला.

शोरूममध्ये पहिल्या दिवशी सेल्समनने उत्साहाने सांगितलं, “सर, डिकी तीनशे लिटरची आहे.” मामांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. “लिटर? कुत्रं काय ओतायचंय आम्हाला?” मग हवालदार बाहेर आला. एका गाडीत त्याचं नाक अडलं, एकीत शेपटी बाहेर राहिली. तिसरीची डिकी उघडली तर आत गॅसची टाकी. “इथं हे आधीच बसलेत की,” मामा म्हणाले, बसमध्ये आपल्या सीटवर दुसरंच कुणी बसलेलं सापडावं तशा आवाजात. चौथ्या गाडीत हवालदार बसला, पण मामांना हवा खेळते की नाही ते पाहायचं होतं. चपला काढून ते स्वतः डिकीत जाऊन आडवे झाले आणि म्हणाले, “लाव दार.” सेल्समनने माझ्याकडे पाहिलं. मी टायरकडे पाहिलं. त्याने दार लावलं. मिनिटाभराने आतून टकटक झाली. मामा विस्कटलेल्या केसांनी बाहेर आले. “बेडा. नको ही. झोप येते, पण श्वास येत नाही.” त्या दिवसापासून तो सेल्समन आम्ही आलो की पाणी प्यायला जाऊ लागला.

मला मात्र दुसरीच काळजी लागली होती. आमच्या घराच्या पडवीला तीन पायऱ्या आहेत आणि बाजूला स्कूटर चढवायला सिमेंटचा उतार. गणपतीपासून सुभेदार पायऱ्या सोडून उताराने यायला लागला होता. मामा कौतुकाने म्हणायचे, “शहाणा झाला. गाडीच्या वाटेनं येतो.” व्हॅन होती तेव्हाही शेवटी शेवटी तो पुढचे पाय आत ठेवून थांबायचा आणि मामा मागून उचलायचे. “लाड करून घेतोय बघ.” मी बाल्कनीतून पाहायचे तेव्हा त्याचे मागचे पाय थरथरताना दिसायचे. फाटकाशी एक सिमेंटचा ठोकळा आहे, तेवढा तो अजून चढतो. त्यापेक्षा उंच काहीही नाही. एका दुपारी मी खाली जाऊन पट्टीने तो ठोकळा मोजला. मामांच्या वहीतली मापं खरी होती, पण ती सुभेदार पाच वर्षांचा असतानाची. आणि हवालदाराला तर उडी मारावीच लागत नव्हती. त्याला मामा उचलून ठेवायचे. जन्मभर केसाइतकी फट न सोडणाऱ्या माणसाने गाडीचं आतलं सगळं मोजलं होतं आणि जमिनीपासून डिकीच्या काठापर्यंतची उंची तेवढी मोजायची राहिली होती. मला वाटतं, राहिली नव्हती. ती मोजायची त्यांना नको होती.

हे सांगणार कसं? मी चार दिवस वाक्यं जुळवत होते. खाली जायचे आणि दूध फाटलं का वगैरे विचारून परत यायचे. शेवटी त्या चौथ्या फेरीच्या सकाळी हवालदार जिन्याखाली टेकवलेला दिसला. मी पेन्सिलीने त्याच्या मागच्या पायावर आडवी रेघ मारली, ठोकळ्याच्या उंचीवर, आणि बाजूला लिहिलं, ‘सुभेदार इथपर्यंत चढतो.’ माझं देवनागरी अक्षर तिसरीतल्या मुलासारखं आहे, तरी वाचता येत होतं. लाकडावरची खूण मामांच्या नजरेतून सुटत नाही.

सुटली. एक डोळा अधू, त्यात खूण पलीकडच्या अंगाला. आणि नेमकी त्या दिवशी गाडी पसंत पडली. उंच, रुबाबदार, पांढरी. मामांनी हवालदाराला उचलून आत ठेवलं, तो अख्खा बसला, कानावर दोन सूत हवा राहिली. “अय्यो, नोडू पुट्टी, बघ,” मामांचा चेहरा फुलला होता. सेल्समन पाणी पिऊन धावत आला. फॉर्म आला, मामांनी पेन घेतलं. माझे हात पुढे झाले. मी हवालदाराला गाडीतून उतरवलं आणि त्याची दुसरी बाजू मामांकडे करून उभा केला.

त्यांनी रेघ पाहिली. वाचली. तिच्यावरून एकदा बोट फिरवलं. मग टेप काढून गाडीचा काठ मोजला आणि टेप हळूहळू परत खिशात जाऊ दिली. पेनाचं टोपण लावलं. “साकू,” ते सेल्समनला म्हणाले. “पुरे आज.” परत येताना रिक्षात हवालदार आमच्या दोघांच्या मांडीवर आडवा होता. मामा बाहेर बघत होते. मग म्हणाले, “पायऱ्या सोडल्या, ते मी पण पाहिलं होतं. माप तेवढं घेतलं नाही.” संध्याकाळी पडवीत ते सुभेदाराजवळ गुडघ्यांवर बसलेले दिसले, हातात टेप, कानावर पेन्सिल. सुभेदार शांतपणे मापं देत होता. मामी दारात उभ्या होत्या आणि त्या दिवशी त्यांनी एकही टोमणा मारला नाही.

पाचव्या फेरीला मामा सरळ म्हणाले, “उंच काही दाखवू नका. बसकं दाखवा.” सेल्समनने संकोचून कोपऱ्यातल्या एका लांबलचक सात सीटच्या गाडीकडे बोट केलं. “सर, पण ही टॅक्सीवालेच जास्त घेतात.” मामा म्हणाले, “सुभेदार नंबरच्या बोर्डाचा रंग बघून बसणार काय?” मागच्या सीटा दुमडून सपाट केल्या. हवालदार आत ऐसपैस मावला, शेजारी जमादारालाही जागा राहिली. मग मामांनी त्याला बाहेर काढून गाडीच्या काठाला लावून उभं केलं. काठ माझ्या रेघेच्या बोटभर खाली आला. मामा माझ्याकडे पाहून नुसते हसले. कपड्यांच्या दोरीचं ऋण फिटल्यासारखं मला वाटलं.

पण या वेळी त्यांना लाकडी साक्ष पुरणार नव्हती. मॅनेजरने कुत्र्यांना आत घ्यायला नकार दिला, तेव्हा मामांनी गाडीच बाहेर काढायला लावली. बाबा ऑफिसच्या ओळखीच्या टेम्पोतून मामींना आणि कुत्र्यांना घेऊन आले. टेम्पोला फळी लावून सुभेदाराला उतरवलं. मामींनी ठेवणीतली साडी नेसली होती. गाडी रेन ट्रीच्या सावलीत मागचं दार उघडं ठेवून उभी होती. काउंटरमागची मुलगी, पाणी पिणारा सेल्समन, मॅनेजर, सगळे पायऱ्यांवर येऊन थांबले. जमादार एका झेपेत आत गेला आणि खिडकीची जागा पकडून बसला. “लवकर सही करा, नाही तर हाच गाडी घेऊन जाईल,” मामी म्हणाल्या.

नंतरचे रविवार मी अजून मोजत नाही. मामा मोजत असतील. मी गाडी चालवते, चाळीसच्या वर नेत नाही, मामा शेजारी बसून पुढच्या ट्रकचं अंतर फुटात सांगतात, आणि नरसीपूर जवळ आलं की मागून एक लांब नाक आमच्या दोघांच्या मधे येतं. सुभेदार आता फार आत पोहत नाही. छातीभर पाण्यात उभा राहतो आणि वाहतं पाणी बघतो. अंग मात्र मामींजवळच येऊन झटकतो.

पण त्या सकाळी हे काहीच ठरलेलं नव्हतं. सुभेदार गाडीजवळ आला. काठ हुंगला. पुढचे दोन्ही पाय आत ठेवले आणि थांबला. त्याचे मागचे पाय थरथरायला लागले, ते मला दिसलं, आणि मामांचे हात सवयीने पुढे आले तेही दिसलं. तेवढ्यात त्याने एक मागचा पाय उचलून काठावर टेकवला. मामांचे हात त्याच्या कमरेपासून वीतभरावर होते, आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या लोकांसमोर, अख्ख्या शोरूमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “मामा, हात लावू नका. तो चढतोय.”