अब्बांच्या राजदूतची सीट

बारामतीत एमआयडीसीकडं जाणाऱ्या रस्त्याला गौहरचं मोटारसायकलच्या सीट शिवायचं दुकान आहे. कंपनीची पाळी सुटली की माणसं दारात मोटारसायकल लावतात आणि फळीवर बसून राहतात. गौहर फाटकी सीट उकलते, फोम बदलते, रेक्झिन ताणून शिवते आणि गाडीवर चढवून देते. हे काम ती नवऱ्याच्या हाताखाली शिकली. नवरा गेल्यावर दुकान बंद पडणार असंच सगळे धरून चालले होते. पण तिनं पंधरवड्यातच शटर उघडलं. बाईमाणूस सीट शिवतंय म्हणून लोक आधी बघायला आले आणि मग शिवून घ्यायला यायला लागले.

तिचं माहेर इंदापूर तालुक्यातलं शेळगाव. वडील दस्तगीर आतार बाजार करायचे. बांगड्या, कुंकू, कंगवे, दोऱ्याची रिळं असा माल दोन पत्र्याच्या पेट्यांत भरायचा, पेट्या राजदूत मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी बांधायच्या आणि आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा. लहानगी गौहर पुढं टाकीवर बसायची. उन्हानं टाकी तापली की अब्बा खाली ओला टॉवेल घालायचे. आठवडी बाजारात पाल ठोकून झालं की गिऱ्हाईक येईपर्यंत बाप आणि लेक एकाच कागदातली भजी खायचे. धाकटा अल्ताफ बराच उशिरा झाला. त्याला कळायला लागलं तोवर अब्बांच्या कमरेनं दगा दिला होता आणि गाडी गोठ्यात उभी राहिली होती.

ती तशीच उभी राहिली. वर टाकलेल्या ताडपत्रीच्या चिंध्या झाल्या. सीट उंदरांनी खाल्ली आणि नुसता पत्रा उरला. टाकीत गांधीलमाश्यांनी घर केलं. अब्बा वारले तेव्हाही ती तिथंच होती, चाकं मातीत रुतलेली.

दीडेक वर्षानं, दिवाळी होऊन गेल्यावर, अल्ताफ बहिणीच्या दुकानात आला. शेळगावहून तो रोजच एमआयडीसीत कामाला यायचा, पण दुकानावरून जाताना हॉर्न वाजवण्यापलीकडं कधी थांबत नसे. त्या दिवशी थांबला, फळीवर बसला, चहा घेतला. म्हणाला, भंगारवाला रोज गाडी मागतोय, पण द्यायला हात धजत न्हाय.

"आपा, अब्बांची तेवढीच एक खूण राहिलीय. तू मनावर घेतलंस तर उभी राहील. झाली की तुझ्याच दारात लावू. तुझाच हक्क हाय तिच्यावर."

गौहरच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडीपेक्षा जास्त या गोष्टीचं, की भावाला असं काही वाटतं.

हातात पैसा नव्हताच. जे काही करायचं ते हातातल्या कामावरच भागवायचं होतं. एमआयडीसीच्या फाटकाजवळ जोतीराम मेस्त्रीचं गॅरेज आहे. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या जाणणारा माणूस. त्याच्या छपराची ताडपत्री गळत होती. गौहरनं त्याला अख्खी नवी ताडपत्री शिवून दिली, बदल्यात जोतीरामनं इंजिन हातात घेतलं. पिस्टन जाम झाला होता. मेस्त्रीनं प्लगच्या भोकातून डिझेल ओतलं आणि काही दिवस नुसतं मुरू दिलं. जोर केला तर मोडेल, बाई, असं तो म्हणायचा, हिला समजूतच घालायला पायजे. रंगवाल्याच्या टेम्पोला तिनं सीटा शिवून दिल्या. स्पोक बसवणाऱ्याच्या पोरीच्या लग्नात गादीच्या खोळी. अशी एकाची अडचण दुसऱ्याच्या कामाला जोडत गाडी पुढं सरकत राहिली.

टाकी, मडगार्ड, साखळीचं कव्हर यांचा गंज तिनं स्वतः काढला. दुकानाच्या मागच्या अंगणात पॉलिश पेपर घेऊन बसायची. आणि सुट्टीच्या दिवशी अल्ताफ यायचा. हेच नवल होतं. दोघं समोरासमोर बसून पत्रा घासायचे आणि गौहर त्याला अब्बांच्या बाजारातल्या गोष्टी सांगायची, ज्या त्यानं कधी ऐकल्याच नव्हत्या. ओल्या टॉवेलाची गोष्ट ऐकून तो गप्प झाला होता. म्हणाला, मला असं कधी बसवलं न्हाय त्यांनी. गौहरनं त्याच्या केसांत पडलेली गंजाची भुकटी झटकली. नवरा गेल्यापासून तिच्या अंगणात आपलं म्हणावं असं माणूस एवढा वेळ बसलं नव्हतं.

त्याचं लक्षही बारीक. गौहरला गाडी निळी करायची होती, अब्बांना निळा रंग आवडायचा. अल्ताफनं हट्टच धरला की पहिली काळी होती तर काळीच पाहिजे, अब्बांनी वापरली तशीच. तिला ते पटलं, उलट आपल्याला कसं सुचलं नाही याचं वाईट वाटलं. हेडलाइटची काच फुटलेली होती. बारामतीत नवी मिळत होती, पण अल्ताफ एका रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेला आणि त्याच काळातली काच घेऊन आला, फडक्यात गुंडाळून, अंडं आणावं तशी. गौहरनं त्या दिवशी त्याच्यासाठी पुलाव केला आणि त्याची बायको मेहजबीनसाठी डब्यात भरून दिला.

शेवटी तिनं सीट शिवली. मशीननं नाही, कडा हातानं शिवल्या. पुढच्या टोकाला, जिथं सीट टाकीला टेकते, तिथं आत एक जादा पातळ थर घातला. लहान पोर पुढं बसलं तर त्याला टोचू नये म्हणून. त्या घरात आता लहान पोर कुणी नव्हतं, तरी घातला.

अब्बांच्या दुसऱ्या बरसीला गाडी शेळगावला नेली. फातेहा झाला, जेवणं झाली. जोतीराम मेस्त्रीही आला होता. अल्ताफनं किक मारली, दुसरी मारली आणि तिसरीला ती जुनी फटफट आवाज करत सुरू झाली. म्हातारी माणसं घरांतून बाहेर आली. एकजण म्हणाला, दस्तगीरभाई आले वाटतं. गौहर पदराचं टोक तोंडाशी धरून उभी होती.

अल्ताफ म्हणाला, अब्बांच्या बाजारातल्या दोस्तांना दाखवून येतो, इंदापूरला जातो आणि उद्या तुझ्या दारात आणून लावतो. तिनंच त्याला पेट्रोलमध्ये ऑइल टाकायची आठवण केली.

दुसऱ्या दिवशी गाडी आली नाही. फोन केला तर म्हणाला, वाटेत क्लच गेला, निमगावजवळ ओळखीच्याकडं ठेवलीय. मग सामान मिळेना. मग तो माणूस गावाला गेला. जोतीराम मेस्त्री म्हणाला, क्लच तर मीच भरलाय, जाईल कसा. गौहरला त्याचाच राग आला. स्वतःच्या कामाची चूक कबूल करत नाही म्हणून तिनं त्याला मनात बोलही लावला. पुढं कितीतरी दिवस तिला याचीच लाज वाटत राहिली.

एका दुपारी सीट शिवून घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक बसल्या बसल्या मोबाइलवरचे फोटो दाखवत होतं. सोलापूर हायवेवर इंदापूरच्या अलीकडं नवं हॉटेल झालंय, मुलांना घेऊन गेलो होतो, असं सांगत होतं. फोटोत दोन पोरं एका काळ्या मोटारसायकलीवर बसली होती. गौहरनं फोटो बोटांनी मोठा केला. गाडी कुणाचीही असू शकते, पण सीटच्या कडेचा टाका तिचा होता.

सकाळी शटर न उघडता ती इंदापूरच्या एसटीत बसली. खिडकीतून ऊस आणि केळीच्या बागा मागं जात होत्या आणि ती स्वतःला समजावत होती, की त्या ओळखीच्या माणसानंच गाडी परस्पर लाटली असेल, अल्ताफला पत्ताही नसेल. भावावर आळ न घेता सगळं जुळवून बघायचा तिनं इंदापूर येईपर्यंत प्रयत्न केला. स्टँडवरून रिक्षा करून ती हॉटेलात पोचली.

हॉटेलच्या दारात विटांचा कट्टा होता. त्यावर राजदूत उभी, भोवती पितळी खांबांना बांधलेली लाल दोरी. चाकं सिमेंटात पक्की केलेली. आणि पलीकडं, पार्किंगच्या तोंडाशी, नवीकोरी पानाची टपरी. टपरीत मेहजबीन बसली होती. तिनं गौहरला पाहिलं आणि हातातलं फडकं तसंच धरून मान खाली घातली.

हॉटेलचा मालक ऋषिराज बाहेर आला. सरळ माणूस दिसत होता. गाडी दस्तगीर आतारांची आणि ही त्यांची लेक हे कळताच त्यानं खुर्ची मागवली, चहा सांगितला. त्याला वाटलं, कौतुकानं बघायला आलीय. तो मोकळेपणानं बोलत गेला. मागच्या दसऱ्याला त्याला हॉटेलपुढं लावायला जुनी गाडी पाहिजे होती. अल्ताफनं सांगितलं, घरी राजदूत आहे. ऋषिराज म्हणाला, भंगार नको, चालू करून दे, मग टपरीला जागा देतो.

"तो म्हणला, बाहेर करायला परवडायचं न्हाय, पण घरात बहीण हाय. काम मात्र झकास केलंय तुमी, ताई. मीच सांगितलं होतं काळीच ठेवा म्हणून. काच बी जुनीच पायजे म्हणून मीच माझ्या गाडीतनं त्याला पुण्याला धाडला."

चहा तिच्या हातात तसाच राहिला. दसरा आधी, दिवाळी नंतर. म्हणजे अल्ताफ तिच्या फळीवर पहिल्यांदा येऊन बसला, तेव्हाच सगळं ठरलेलं होतं. अब्बांनी वापरली तशीच काळी, हे बोल अल्ताफचे नव्हते. अंड्यासारखी आणलेली काचही त्याची नव्हती. तिनं एकेक दिवस मनात काढून पाहिला आणि प्रत्येक दिवसाच्या मागं हा माणूस उभा निघाला.

तेवढ्यात अल्ताफ खोकं घेऊन आला आणि जागीच थबकला. गौहरनं आवाज चढवला नाही. तिला एकच गोष्ट विचारायची होती.

"टॉवेलाची गोष्ट ऐकून गप झाला होतास. ते तरी तुझं होतं का?"

अल्ताफ म्हणाला, "आपा, कंपनीतनं कधी काढतील सांगता येत न्हाय. मला काय तरी उभं करायचं होतं. तुला सांगितलं असतं तर तू गाडी दिली नसतीस."

"मागायची तरी होतीस."

एवढं बोलून ती उठली आणि ऋषिराजला म्हणाली, पाना मिळेल का. त्यानं माणसाकरवी पाना आणवला. ती लाल दोरीखालून आत गेली, गुडघ्यावर बसली आणि सीटचे नट सोडवायला लागली. जेवायला आलेली माणसं बघत उभी राहिली. ऋषिराज गोंधळून म्हणाला, सीटशिवाय गाडी कशी दिसंल, ताई.

"शेळगावात दिसायची तशीच," गौहर म्हणाली. "गाडी अब्बांची. तिच्यात याचा वाटा हाय, तो त्यानं कसाबी वापरावा. सीट माझी हाय."

ऋषिराजनं एकदा अल्ताफकडं पाहिलं, मग स्वतःच पुढं होऊन एक घट्ट बसलेला नट सैल करून दिला. गौहरनं सीट काखेत मारली. अल्ताफ रस्त्यापर्यंत मागं आला, रिक्षा थांबवली. ती त्या रिक्षात बसली नाही, पुढं चालत जाऊन दुसरी केली.

दुकानात आल्यावर तिनं सीट उकलली. फोम चांगला होता, तो एका कामगाराच्या गाडीला गेला. पातळ थर कशाच्याही मापात बसला नाही. मग दुसऱ्या दिवशी ती जोतीराम मेस्त्रीकडं गेली आणि क्लचबद्दल मनात त्याला बोल लावला होता ते सांगून टाकलं. मेस्त्री म्हणाला, मनातल्याचं काय एवढं. त्यानं बाकी काही विचारलं नाही.

ओळखीचे विचारतात तेव्हा ती सांगते, गाडी इंदापूरला असते, भावाकडं. भावाची निंदा तिनं चारचौघांत केली नाही. पण कुणी नवं माणूस फळीवर बसून गोड बोलायला लागलं की आता तिचे हात थांबतात आणि याला पाहिजे तरी काय, हे ती आधी बघते. पूर्वी ती अशी नव्हती.

रमजान ईदला अल्ताफ आला. नमाजावरून सरळ, नव्या कपड्यांत. गळाभेट झाली. गौहरनं शिरखुर्मा दिला, मेहजबीनची चौकशी केली, टपरी बरी चालतेय ना, विचारलं. दोन चमचे खाऊन झाल्यावर तो म्हणाला, "आपा, त्या गाडीचं..."

"गार होतोय," ती म्हणाली. "खाऊन घे."

त्यानं खाल्लं आणि तो निघाला. दारात त्याची गाडी उभी होती. सीटचा कोपरा फाटून आतला फोम बाहेर आला होता. किक मारायच्या आधी त्यानं एकदा त्या कोपऱ्याकडं आणि एकदा बहिणीकडं पाहिलं. गौहरनंही ते फाटलेलं बघितलं. एरवी ती म्हणाली असती, थांब, इथंच ठेव, घटकाभरात करून देते. तिनं रिकामी वाटी उचलली आणि आत गेली.