धरणाखालचं तीर्थ

तात्यांनी बागेसाठी बांधलेल्या मातीच्या धरणाच्या पायथ्याशी यंदा पाणी पाझरू लागलं. लोकांनी तिथे दगडाला शेंदूर फासला आणि त्याला देवीचा झरा म्हणू लागले.

मी गेलो तेव्हा तात्या नारळ फोडत होते. म्हटलं, "तात्या, भिंत एकदा कुणा जाणकाराला दाखवा."

"अहो, देवी आपणहून आलीय. तिला काय इंजिनीअर दाखवायचा?"

माझं डोकंच फिरलं. भिंत तात्यांची, पाणी तात्यांचं आणि खालची अख्खी वाडी तेवढी देवीच्या भरवशावर! जादा पाणी जायच्या सांडव्यात बाभळी माजल्यात, त्या तोडायला काही देवी आडवी आली नव्हती. देवाचं नाव घेतलं की आपल्याकडे आळसालाही लोक हात जोडतात.

वाडीतल्या एका मावशींनी माझ्या हातावर पळीभर तीर्थ घातलं. "घ्या दादा. आधी अगदी नितळ यायचं, चार दिवस झाले जरा गढूळ येतंय."

पाणी बोटांतून गळून गेलं. तळहातावर पिवळी माती उरली, समोरच्या भिंतीची. तात्यांचं धरण आतून पोखरलं जात होतं, पळीपळीने वाटलं जात होतं, आणि वाडी ते डोळे मिटून पीत होती.