न मोडलेली घडी

दाराशी रचलेल्या रद्दीकडे आज नीट पाहिले, तर निम्म्या वर्तमानपत्रांची घडीही मोडलेली नव्हती. वर्गात मी सांगत असे, एक वर्तमानपत्र आपल्या मताचे घ्यावे आणि एक विरुद्ध मताचे. म्हणजे माहिती एकांगी राहत नाही. घरी विरुद्ध मताचे पत्नी वाचत असे. “मास्तर, आजही चुकलात,” म्हणत ती चहाबरोबर मला त्यातला अग्रलेख ऐकवी. ती गेल्यापासून मी माझेच वर्तमानपत्र वाचतो आणि दिवसभर बरोबर असतो.

“सर, दुसरा पेपर बंद करू का?” पेपर टाकणाऱ्या शिवरामने विचारले.

“नको, राहू दे,” मी म्हणालो आणि आजच्या अंकाची घडी मोडली. अग्रलेख मोठ्याने वाचला. पण माझ्या आवाजात तोही माझ्याच मताचा वाटू लागला.