जाड तार

वायरमन स्विचला हात लावण्याआधी तो पँटला पुसायचा. टेस्टर कानामागे खोचायचा. काढलेले स्क्रू डबीत मोजून ठेवायचा. आणि कोणी काही विचारलं, की काम थांबवून समजावत बसायचा.

शिलाईच्या कारखान्यात फ्यूज सारखा उडत होता. तो मालकिणीला म्हणाला, "व्होल्ट म्हणजे विजेला मागून मिळणारा रेटा. अँपिअर म्हणजे दर सेकंदाला तारेतून किती वीज वाहते ते. तुमची तार पेलते दहा अँपिअर, इस्त्र्या नि मशिनी मिळून ओढतात सोळा. नवी तार ओढेपर्यंत दोन इस्त्र्या बंद ठेवा."

"मास्तरच व्हायचं होतं तुम्ही," ती हसली.

आठवड्याने भिंत गरम लागते म्हणून तिने बोलावलं. मीटरवर सोळा दिसले, तरी फ्यूज शाबूत. त्याने तो काढला. जास्त वीज ओढली की वितळून जावी अशा बारीक तारेच्या जागी तांब्याची जाड तार होती, टोकाला डावीकडून दोन वेढे देऊन मुडपलेली. हे वेढे त्याने एकालाच शिकवले होते, बारा वर्षं बरोबर काम करणाऱ्या मेहुण्याला.

"तुम्हीच पाठवलंय म्हणाले की ते," मालकीण म्हणाली.

त्याने तिथूनच फोन लावला.

"भाऊजी, गिऱ्हाईक तुटलं असतं," मेहुणा म्हणाला. "माझं कोण ऐकतंय? तुमच्या नावावर विश्वास बसतो लोकांचा."

त्याने फोन ठेवला. मेनस्विच पाडला, जाड तार खिशात घातली.

"नवी तार आज ओढताय ना?" मालकिणीने विचारलं.

तो जिना उतरत होता. वर फ्यूजच्या पेटीचं झाकण उघडंच राहिलं होतं.