एका माणसाला एकच साहेब

लोकप्रशासनाचे सगळे मूळपुरुष मी रेणापूरच्या स्वयंपाकघरात पाठ केले. स्पर्धा परीक्षेची माझी ती शेवटची संधी होती. पुढे वय बसत नव्हतं. भाकरी थापता थापता मी पुटपुटायचे आणि सासूबाई भाजी निवडत ऐकायच्या. त्यांना मी आमच्याकडच्या रीतीने आत्या म्हणते.

एकाही विचारवंताचं नाव त्यांच्या जिभेवर बसलं नाही. कारभार सगळा लेखी हवा, त्यात आपला-परका चालणार नाही, असं सांगणारा जर्मन तर त्यांना बिलकुल पटला नाही. "आपलं-परकं न्हाई, मंग मानूस कशाचा?" कामगारांच्या मागे घड्याळ घेऊन फिरणारा अमेरिकन त्यांनी रिकामटेकडा ठरवला. पण खाणीवर काम केलेला एक फ्रेंच इंजिनिअर निघाला. माणसाला हुकूम देणारा साहेब एकच असावा, दोन झाले की काम बिघडतं, हे त्याचं म्हणणं मी वाचलं आणि आत्यांच्या हातातली मेथी हातातच राहिली.

"पुन्ना वाच," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून घरात त्या फ्रेंचाचा अंमल सुरू झाला. चहा मागणारे मामा, म्हणजे माझे सासरे, असोत की इस्त्रीचा शर्ट मागणारा नवरा, उत्तर एकच: "तिचा साहेब मी हाय. मला सांगा." आणि साहेबांचा मला हुकूमही एकच, अभ्यास कर. हा नियम घरासाठी लिहिलेला नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेईल?

मी पास झाले. नेमणूक नांदेडला झाली. "सून एकटी परगावी राहनार? न्हाई जमायचं," मामा म्हणाले. नवरा भिंतीकडे बघत बसला.

मामांसमोर आत्या एरवी मोठ्याने बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "या घरात आल्यापासून मला लई साहेब झाले. सासरा, सासू, दीर, तुमी, आन आता पोरगा बी. सगळ्यांचं करता करता माझं राहूनच गेलं. हिला जाऊ द्या."

मामा उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी बसमध्ये माझी बॅग मात्र त्यांनीच चढवली. आत्या खिडकीशी उभ्या होत्या. मी विचारलं, "आत्या, तुमचं काय राहून गेलं?"

त्यांनी थोडा वेळ आठवून पाहिलं. "काय की बाई," म्हणाल्या, "आता ते बी आठवत न्हाई."