आखाजीच्या दिवशीचं मोहोळ

मी मूळची भित्री. झुरळ दिसलं की खाटेवर चढणारी. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी जळगावातल्या एका निसर्गसंस्थेत इंटर्नशिप घेतली, तेव्हा आई धुळ्याहून फोनवर पोट धरून हसली होती. मला वाटलेलं, तळ्याकाठी टोपी घालून बसायचं, बगळे बघायचे, सर्टिफिकेट घ्यायचं. पण वाटणी झाली तेव्हा तळं दुसऱ्यांना गेलं आणि माझ्या पदरात पडलं पिंप्राळ्यातलं आग्या मोहोळ.

एका जुन्या घराच्या अंगणात कडुनिंब होता. त्याच्या आडव्या फांदीला ते मोहोळ लटकलेलं, सुपाएवढं, काळं आणि जिवंत. गल्लीला ते मशालीने जाळायचं होतं. संस्थेतल्या आमच्या सरांनी मुदत मागून घेतली होती. ऊन वाढलं, फुलोरा संपला की या माश्या आपल्या आपण उठून जातात, तेवढं थांबा. तोवर रोज जाऊन मोहोळावर नजर ठेवायची आणि लोकांना धीर द्यायचा, हे माझं काम. धीर द्यायला संस्थेला नेमकी मीच सापडले!

घर होतं अक्कांचं. अक्का शिंदखेड्याकडच्या, इतकी वर्षं जळगावात काढली तरी बोली तिकडचीच. पहिल्याच दिवशी त्यांनी मला अंगणात उभं करून बजावलं, "देख पोरी, एक बी माशी कोनले चावनी ना, ते रातले मशाल लावसू. मंग तुना सरले सांगजो, माले नही."

गल्लीनेही मान डोलावली. म्हणजे एका डंखावर सगळा मामला. त्या दिवसापासून मी कोणाच्याही हाताकडे, मानेकडे बघत चालायला लागले. कोणी नुसता गाल खाजवला तरी मी जवळ जाऊन डंख आहे का बघायचे.

आखाजी जवळ आली तशी माझी झोप उडाली. अक्षय्य तृतीयेला आमच्या खान्देशात लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. अक्कांची लेकही आली, सातव्या महिन्याची पोटुशी. झोका दरवर्षी त्याच कडुनिंबाला. मी अक्कांच्या हातापाया पडले, शेवटी झोका समोरच्या घरच्या झाडाला बांधायचं ठरलं. अक्का तोंड वाकडं करून म्हणाल्या, "आखाजीना झोका दुसराना दारमा!" पण ऐकलं. मी सुटकेचा श्वास सोडला. झोक्याचा विचार मी केला होता, पुरणपोळीचा कोणीच केला नव्हता.

आखाजीला पुरणपोळी खापरावरची. खापर म्हणजे पालथं घातलेलं मोठं मातीचं भांडं. त्याच्यावर हाताने वाढवलेली धोतराएवढी पोळी टाकतात. ते काही गॅसवर मावत नाही. त्याला अंगणातली चूलच लागते आणि अंगणात सावली एकाच ठिकाणी.

मी सकाळी फाटक उघडलं आणि जागच्या जागी थिजले. कडुनिंबाखाली तीन विटांची चूल पेटली होती. सरपणाला कपाशीच्या पऱ्हाट्या, त्याही अर्धवट ओल्या. धूर सरळ वर, मोहोळात. अक्का खापर पुसत होत्या. लेक पुरणाचं पातेलं घेऊन झाडाखालीच उभी. आणि वरचा आवाज बदलला होता. रोजची ती गुणगुण नव्हती. दूध उतू जायच्या आधी जसं हलतं तसं मोहोळ वरपासून खालपर्यंत हलत होतं.

मी लेकीला दंडाला धरलं आणि अक्षरशः ढकलत ओसरीवरून घरात नेऊन सोडलं. पातेलं पडलं, पुरण सांडलं. "अगं काय करतेस!" म्हणत शेजारच्या काकू पाण्याची बादली घेऊन धावल्या. पाणी ओतलं असतं तर धुराचा लोटच्या लोट वर गेला असता. मी त्यांच्या बादलीला मिठी मारली. "नको," एवढंच निघालं. "सगळे आत जा."

मग पेटत्या पऱ्हाट्या ओढून काढल्या, फाटकाजवळच्या बांधकामाच्या वाळूत खुपसल्या आणि ओंजळी भरभरून चुलीत वाळू टाकली. हे मी केलं यावर माझा आजही विश्वास बसत नाही. धूर बसला. दारं लागली. पण काही माश्या खाली आल्याच होत्या. मी ओढणी डोक्यावरून घेतली आणि चुलीशेजारी मांडी घालून बसले. हलायचं नाही, हात उडवायचे नाहीत. ओढणीवर त्या चालत होत्या. त्यांचं वजन कळत होतं. मनातल्या मनात मी आईला हाका मारत होते.

तेवढ्यात उजव्या मनगटावर आग झाली.

मी ओठ चावला. एक चावली की तिच्या वासावर बाकीच्या येतात, हे सरांनी शिकवलेलं. मनगट ओढणीत घट्ट गुंडाळलं. वेदनेपेक्षा भीती मोठी होती आणि त्यातही भीती दोन. वरच्या सगळ्या उतरल्या तर? आणि गल्लीला हे कळलं तर? रात्री मशाल. इतके दिवस बसून राखलेलं मोहोळ माझ्यामुळेच जळणार.

बऱ्याच वेळाने वरची गुणगुण पूर्वीसारखी झाली. मी रांगत ओसरीवर गेले. काकूंनी खिडकीतून हाक दिली, मागे गल्लीतली आणखी तोंडं. "चावली का गं? हात का लपवतेस?"

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं.

अक्का बाहेर आल्या. माझं मनगट त्यांनी ओढणीतून सोडवलं. ते टम्म सुजलं होतं, मधोमध काटा स्पष्ट दिसत होता. त्यांनी तो पाहिला. मग वाळूने विझलेल्या चुलीकडे पाहिलं. आत दारामागे पोटावर हात धरून उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. आणि माझा हात पदराखाली झाकून त्या खिडकीकडे वळून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या,

"खापरना चटका लागना तिले. जा, आपापली पुरनपोई देखा."

खिडक्या मिटल्या. अक्कांनी मला आत नेऊन बसवलं, नखाने काटा खरडून काढला, चुना लावला. लावताना चुना सगळीकडे सांडत होता. मला वाटलं माझाच हात थरथरतोय. नीट बघितलं तर त्यांचा.

"अक्का, तुम्हाला भीती वाटतेय?"

"माले त्या पहिला दिनफाईन वाटस," त्या म्हणाल्या, "म्हनीसन ते मशाल मशाल करू."