मकबूलभाईंचा पाय

एका माणसापुरती कणीक कधी नीट मळली जात नाही. मुठीएवढा गोळा परातीत नुसता इकडून तिकडे पळतो, बोटांना चिकटतो, आणि शेवटी आपणच पीठ वाढवत बसतो. म्हणून नसीमबानू दोन दिवसांची कणीक एकदम मळायच्या आणि अर्धी फ्रीजमध्ये टाकायच्या. दुसऱ्या दिवशी ती काळपट पडायची. पडेना का. नाव ठेवायला घरात होतं कोण?

त्या मंगळवारी सकाळी हात असे पिठात असतानाच दारावर थाप पडली.

थाप म्हणजे कुणीतरी परकं. बिबवेवाडीतल्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर सकाळी कुणी येत नसे. दुधाची पिशवी मुकाट्यानं कडीला लटकायची. बेल बंद होती. मकबूलभाई गेले आणि महिन्याभरातच बेलही गेली. आयुष्यभर लोकांची शिलाई मशीनं दुरुस्त केलेला माणूस, त्यांनी ती चहा निवायच्या आत उघडून, पुसून पुन्हा बसवली असती. नसीमबानूंनी मात्र कुणाला बोलावलं नाही. वाजवणारंच कुणी नसल्यावर दुरुस्त तरी कशाला करायची, असा त्यांचा हिशेब.

कोपरानं कडी काढली तर दारात एक मुलगी. खांद्याला सॅक, हातात हेल्मेट, आणि चेहरा असा, की रात्री झोप नाही आणि सकाळी पोटात काही नाही.

"मकबूल शेख यांचं घर हेच का?"

"घर हेच," नसीमबानू म्हणाल्या. "ते नाहीत. दीड वर्ष झालं."

मुलगी गडबडली. तिला हे ठाऊकच नव्हतं. तिनं आपलं नाव डॉक्टर श्रद्धा असं सांगितलं, मोठ्या सरकारी दवाखान्याचं नाव घेतलं, आणि पुढे काय बोलायचं ते विसरल्यासारखी हेल्मेटचा पट्टा ओढत राहिली. नसीमबानूंनी मग ती आत येईल एवढं दार उघडलं. माणूस गेल्यावर दवाखान्यातलं कुणी घरी येतं, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. पण उपाशी मुलगी उंबऱ्यावर उभी राहिलेली त्यांना बघवेना.

श्रद्धा ज्या विभागात काम करत होती तिथे रुग्ण येत नाहीत, रुग्णांचे तुकडे येतात. गाठ, आतड्याचा भाग, कापलेलं बोट. ते तपासायचं, काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं आणि काय झालंय ते लिहून वर पाठवायचं. माणूस वर वॉर्डात, हे डॉक्टर खाली तळमजल्याला. त्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. अशा शिकाऊ डॉक्टरांसाठी त्यांच्या संघटनेनं एक निबंध स्पर्धा ठेवली होती. विषय होता, 'ज्यांना आपण कधी भेटत नाही'.

"डॉक्टरांना निबंध?" नसीमबानूंनी तव्यावर पोळी टाकत विचारलं. "तुमचं अक्षर तर मेडिकलवाल्याशिवाय कुणाला लागत नाही."

श्रद्धा पहिल्यांदा हसली. टाइप करायचा असतो काकू, म्हणाली. तिचा निबंध शेवटच्या पाचांत आला होता. पण परीक्षकांनी कळवलं होतं, की यातला रुग्ण ओळखू येण्यासारखा आहे, तेव्हा त्याची किंवा घरच्यांची लेखी संमती आज संध्याकाळपर्यंत हवी. नाहीतर निबंध बाद. सरांच्या परवानगीनं तिनं जुन्या केसपेपरवरचा पत्ता काढला होता.

"आणि रुग्ण म्हणजे बिलालचे अब्बा?"

"त्यांचा पाय," श्रद्धा म्हणाली. "आणि तुम्ही."

नसीमबानूंनी गॅस बारीक केला.

पायाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. मशीनचं लोखंडी डोकं उजव्या अंगठ्यावर पडलं, आणि साखरेच्या आजारानं पाय बधिर झाल्यामुळे मकबूलभाईंना ते कळलंच नाही. चपलेत रक्त बघून नसीमबानू ओरडल्या तेव्हा ते म्हणाले, अगं, मला वाटलं तेल सांडलं. अंगठा काळा पडला, मग पाऊल, आणि शेवटी पाय गुडघ्याखालून काढावा लागला. त्यांच्यात असा काढलेला अवयव कापडात गुंडाळून दफन करतात. मुलगा बिलाल तेव्हाही बंगळूरलाच नोकरीला होता, तो दुसऱ्या दिवशी पोहोचणार होता. म्हणून पाय आणायला नसीमबानू एकट्याच गेल्या. तपासणी व्हायची होती, थांबावं लागलं. शेवटी शिपाई बजरंगनं पुडकं हातात दिलं, तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, सगळं आहे ना? आहे की, तो म्हणाला होता.

संध्याकाळी जमातीतल्या पुरुषांनी पाय कब्रस्तानात नेऊन पुरला. मकबूलभाई बरे होऊन घरी आले, कुबडी काखेत घेऊन डाव्या पायानं मशीनचं पायडल मारून बघायला लागले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागले, "आपली जागा धरून ठेवली आहे. रुमाल टाकतात ना एसटीत, तसा पाय टाकलाय." पुढे मूत्रपिंडं थकली, बोलणं कमी झालं, तेव्हा एका दुपारी त्यांनी बायकोला जवळ बोलावून थट्टा न करता विचारलं, सगळं एका ठिकाणी होईल ना माझं? नसीमबानू म्हणाल्या, होईल. पाय मी स्वतः आणलाय, सगळा आहे. त्यावर त्यांनी डोळे मिटले होते.

श्रद्धानं फोन काढला. निबंध इंग्रजीत होता, ती एकेक ओळ मनात मराठीत फिरवून वाचू लागली. तिचं मराठी पुण्याचं नव्हतं, नांदेडकडचा हेल मधूनच डोकावत होता. निबंधातली डॉक्टर नुकतीच पुण्यात आली होती आणि शहरात कुणाला ओळखत नव्हती. पहिल्याच महिन्यात तिच्यापुढे एक पाय आला. त्याला नाव नव्हतं, नंबर होता. दाराला काच होती आणि काचेपलीकडे बाकावर एक बाई बसली होती, मांडीवर पांढरं कापड, इस्त्री केलेलं. लोक इथे रिपोर्ट न्यायला येतात. ही पाय न्यायला आली होती.

नसीमबानू पोळी उलटायची विसरल्या. ते कापड त्यांनी पहाटे धुतलं होतं, ओलसर असतानाच इस्त्री फिरवली होती. हे कुणी बघितलं असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. बाकावर त्यांच्या शेजारून माणसं गेली, स्ट्रेचर गेले, एकानं तर पाय वर घ्या म्हणून फरशी पुसली. कुणी मान वळवली नव्हती.

"बाईनं पुडकं दोन्ही हातांवर घेतलं," श्रद्धा वाचत होती. "पदर सारखा केला. आणि ती त्या पायाला म्हणाली, चला."

"मी असं म्हणाले?"

"म्हणालात ना. काचेतून आवाज नाही आला, पण ओठांवरून कळलं. बजरंगनंही सांगितलं."

नसीमबानूंना काही आठवेना. पण म्हणाल्या असणार. लग्नानंतर इतकी वर्षं घरातून निघताना त्या तेवढंच म्हणायच्या. मकबूलभाई चपला घालून दारात उभे राहायचे, त्या कुलूप लावायच्या आणि म्हणायच्या, चला.

त्यांनी तोंड फिरवून जळलेली पोळी बाजूला ठेवली. श्रद्धा तशीच पुढे वाचत गेली, तिला शेवट गाठायचा होता. पाय गेला, असं तिनं लिहिलं होतं, पण त्यातले चार बारीक तुकडे आमच्याकडेच राहिले. मेणात बसवलेले, खणात ठेवलेले. ती बाई गेली तरी तिचा माणूस थोडासा माझ्या ओळखीचा होऊन माझ्याजवळ राहिला.

"थांबा," नसीमबानू म्हणाल्या. "काय राहिलं?"

श्रद्धानं सरळपणे सांगितलं. तिच्या लेखी त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. तपासायचं तर तुकडा घ्यावाच लागतो. नखाएवढा असतो, मेणाच्या वडीत बसवून तासतात. पुढे कधी कुणाला शंका आली तर पुन्हा बघता यावं म्हणून त्या वड्या बरीच वर्षं जपून ठेवतात. सगळ्यांच्याच ठेवतात. तो पाय नसतो हो काकू, ती म्हणाली, ती नोंद असते.

"तुमची नोंद," नसीमबानू म्हणाल्या. "माझा नवरा."

श्रद्धानं फोन खाली ठेवला. आपण काय वाचून बसलो ते तिला आता उमगलं. तिनं घाईघाईनं सांगितलं, की ती तो परिच्छेदच काढून टाकेल. सही नको असेल तर राहू द्या, निबंध मागे घेते, तिला काही वाटणार नाही. वाटणार होतं, ते दिसत होतं.

"आता काढून काय करता," नसीमबानू म्हणाल्या. "मला तर कळलं."

त्यांनी हात धुतले आणि बिलालला फोन लावला. कट झाला. लगेच मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे अम्मी, अर्जंट आहे का. नसीमबानूंनी चष्मा लावून तो वाचला. अर्जंट आहे का, याचा त्यांनी खरोखरच विचार केला. पाय जाऊन तीन वर्षं, माणूस जाऊन दीड. 'नाही' असं लिहून त्यांनी फोन उपडा ठेवला.

मग त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. त्यांच्या घरात बायका कब्रस्तानात जात नसत. मकबूलभाईंची कबर त्यांनी बिलालच्या फोनवर पाहिली होती, ऊन पडलेला एक उंचवटा. शब्द दिला तो मात्र त्यांनी, आणि तो चार नखांएवढा खोटा निघाला होता. रागावायचं कुणावर? बजरंगला खरंच सगळं वाटलं असेल. या पोरीचं तर कामच ते. आणि रागाखाली आणखी एक गोष्ट होती, तिची त्यांना लाज वाटली: बसनं जाता येईल अशा ठिकाणी, एका खणात, त्यांचा माणूस अजून थोडासा शिल्लक होता, हे ऐकून क्षणभर त्यांना बरं वाटलं होतं.

पण मकबूलभाईंनी विचारलं होतं, सगळं एका ठिकाणी होईल ना?

"ते परत मिळतं का?" नसीमबानूंनी पाठमोरंच विचारलं.

मिळतं, श्रद्धा म्हणाली. दुसरीकडे दाखवायला म्हणून नातेवाईक अर्ज करून नेतात. पुरायला म्हणून आजवर कुणी मागितलं नसेल, पण ती सरांशी बोलेल. आठवड्याभरात होईल. हवं तर ती स्वतःच घरी आणून देईल, काकूंना हेलपाटा नको.

"नको. मीच येईन. मागच्या वेळी मीच गेले होते." मग त्यांनी श्रद्धाला ताटलीत दुसरी, न जळलेली पोळी वाढली आणि कागद मागितला. संमतीच्या कागदावर रुग्णाशी नातं लिहायची जागा होती, तिथे त्यांनी पत्नी असं लिहिलं, आणि खाली सावकाश, पूर्ण नावानं सही केली. परिच्छेद राहू दे म्हणाल्या. खरा आहे तो.

श्रद्धानं कागदाची घडी केली. आभार कसे मानावेत ते तिला सुचेना, म्हणून तिनं तेच विचारलं जे आपण सगळेच दारात विचारतो: काही लागलं तर सांगाल ना?

नसीमबानूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. तेव्हा काचेपलीकडे असलेली ही मुलगी त्यांना आठवते का, हे शोधत असाव्यात. आठवत नव्हती.

"तुम्ही तेव्हा आतून बघत होतात," त्या म्हणाल्या. "आता मी येईन, तेव्हा बजरंगच्या हाती पाठवू नका. तुम्ही बाहेर या, आणि थोडा वेळ माझ्याजवळ बाकावर बसा."